एका बसमध्ये दोन गाईड

माझ्या नवऱ्यानं पस्तीस वर्षं लोकांना वेरूळ आणि अजिंठा दाखवला. सरकारी परवान्याचे गाईड. छातीवर बिल्ला, हातात बॅटरी, डोक्यावर टोपी आणि मागे पार्टी. पर्यटकांच्या गटाला ते लोक पार्टी म्हणतात. सकाळी पार्टी, दुपारी पार्टी, ऐन दिवाळीतसुद्धा पार्टी, कारण सीझनच तेव्हा असतो. मी विमा कचेरीत क्लार्क होते. दोन मुलं, सासूबाई, हर्सूलचं घर, नळाला पाणी कधी येणार ते, सगळं माझ्याकडे. ह्यांनी अर्ध्या जगाला फिरवलं आणि मला एकदा शिर्डीला नेलं. तेही पार्टी निघाली होती आणि गाडीत एक जागा रिकामी होती म्हणून.

निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, आता मी पार्टी होणार. कोणीतरी मला उठवावं, नाश्ता पुढ्यात ठेवावा, बसमध्ये बसवावं, हे बघा ते बघा म्हणावं आणि मी बघावं. एवढीच इच्छा. औरंगपुऱ्यात एका टूरवाल्याचं ऑफिस आहे, कपड्याच्या दुकानावर. जिना इतका अरुंद की वरून कोणी उतरत असेल तर आपण पुन्हा रस्त्यावर येऊन उभं राहायचं. तसं दोनदा खाली येऊन तिसऱ्यांदा मी वर पोचले आणि श्रीलंकेची आठ दिवसांची सहल बुक करून टाकली. दोघांची. मग घरी येऊन सांगितलं.

"ग्रुप टूर?" हे म्हणाले. "मेंढरं हाकल्यासारखं हाकतेत."

"तुम्ही पस्तीस वर्षं तेच केलंत."

"म्हणून तर म्हणायलोय."

मी एकच अट घातली. तिथं जो गाईड असेल त्याला काही शिकवायचं नाही. काही म्हणजे काहीही नाही. ह्यांनी मान डोलावली. "मला काय करायचंय? मी रिटायर माणूस. नुसता खिडकीतून बघत बसंन."

मी विश्वास ठेवला. ह्याचा मला अजून राग येतो, आणि तो माझाच येतो.

कोलंबोच्या विमानतळाबाहेर आमची बस उभी होती. पांढरी, एसी, खिडक्यांना निळे पडदे. आम्ही एकूण अठ्ठावीस. बरेचसे आमच्याच शहरातले, काही जालन्याचे, दोनतीन कुटुंबं नाशिकची. टूर मॅनेजर म्हणून पुण्याच्या एक बाई होत्या, चाळिशी ओलांडलेल्या, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगणाऱ्या. "सहा, सात, आठ. सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस. सहा, सात, आठ." जागांचंही ठरलेलं होतं. रोज प्रत्येकानं दोन रांगा मागे सरकायचं, म्हणजे पुढची जागा सगळ्यांना मिळते. एक निवृत्त इंजिनिअर साहेब होते, त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की त्यांच्या मिसेसना बस लागते, तेव्हा ते पहिल्या सीटवरून हलणार नाहीत. मिसेस बिचाऱ्या खिडकीतून मजेत बाहेर बघत चिक्की खात होत्या. त्यांना शेवटपर्यंत काही लागलं नाही.

आमच्या शेजारच्या रांगेत गंगापूरच्या एक बाई होत्या, एकट्या. घरचा ऊस, मोठी शेती, मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं आई-वडिलांचं बुकिंग केलं होतं. "मालक म्हणले, ऊस तोडीला आलाय, मला जमत नाय," त्यांनी मला बस सुटायच्या आत सांगितलं. "मी म्हणलं, मला जमतंय. आले." मला ही बाई तिथल्या तिथं आवडली.

आणि श्रीलंकेचा गाईड. पंचावन्नच्या आसपासचा, काळासावळा, सडपातळ, पांढरा शुभ्र शर्ट, काखेत लांब दांड्याची छत्री. हिंदी तो म्हणे टीव्हीवर ऐकून शिकला होता. माईक तोंडाजवळ धरून, हात जोडून "आयुबोवन" म्हणाला आणि मग आमची डोकी मोजायला लागला, एकेकाकडे बोट करत.

माझ्या डाव्या कानात आवाज आला. "बोटानं मोजायलाय."

"अट," मी म्हणाले.

"त्याला थोडीच म्हणायलोय, तुला सांगायलोय. माणसं मोजायची नसतेत. रिकाम्या जागा मोजायच्या. एका नजरेत होतं."

अटीतली ही फट माझ्या लक्षात आली नव्हती. गाईडला काही सांगायचं नाही असं ठरलं होतं, मला सांगायचं नाही असं कुठं ठरलं होतं? तिथून पुढे दोन दिवस मला दोन माहित्या मिळत गेल्या. उजव्या कानात माईकवरून श्रीलंका आणि डाव्या कानात श्रीलंका कशी सांगायला हवी होती ते. "आता हा राजांची नावं घेईल. नावं घेऊ नयेत, लोक झोपतेत. गोष्ट सांगावी." "हा बघ, पार्टीकडं पाठ करून बोलायलाय." "उन्हात उभं केलं लोकांना. आधी सावली धरायची, मग तोंड उघडायचं." त्रास ह्याचा की बहुतेक वेळा ह्यांचं बरोबर असायचं. तिथलं ऊन आपल्यासारखं कोरडं नाही. आपल्याकडं सावलीत गेलं की ऊन सोडून देतं. तिथं ते सावलीतही घामासारखं चिकटून बसतं. आणि तो भला माणूस खरंच आम्हाला उन्हात उभं करून राजांची नावं घेत होता.

दुसऱ्या दिवशी डंबुल्लाची लेणी. मला धास्ती ह्याच जागेची होती. कार्यक्रमपत्रिकेत 'लेणी' हा शब्द वाचला तेव्हापासून. साडेतीनशेच्या वर पायऱ्या, दोन्ही बाजूंना माकडं, वर चपला काढायच्या आणि तापलेल्या दगडावरून पळत आत शिरायचं. ह्यांचे गुडघे वेरूळच्या पायऱ्यांनी कधीच खाल्लेत, पण लेणं म्हटल्यावर हे माझ्या पुढे.

आत अंधार, गारवा आणि पहुडलेला मोठा बुद्ध. छतभर चित्रं. मला ते सगळं एवढं सुंदर वाटलं की मी क्षणभर सगळं विसरले. गाईड म्हणाला, "ये गुफा दो हजार साल पुरानी है. ऊपर देखिए, पूरा छत पेंटिंग."

"पेंटिंग दो हजार साल का नै है," माझ्या डावीकडून आवाज आला, आणि ह्या वेळी तो कानात नव्हता. पस्तीस वर्षं लेण्यांत घुमवलेला आवाज होता तो. सगळी माणसं वळली. "गुफा पुरानी होगी. ये रंग दो-ढाई सौ साल का होगा. लाल देखो, कितना ताजा है."

गाईड हसला. "सही बात, सर. मैं वही बोलने वाला था."

"तो पहले बोलना चाहिए ना. लोग गलत लेके जाते हैं."

"हो का? म्हणजे जुनं नाहीच?" इंजिनिअर साहेब म्हणाले. त्यांनी काढलेला फोटो त्यांनी तिथल्या तिथं पुसून टाकला. मग जालन्याच्या एका काकांनी विचारलं, तुम्हाला एवढं कसं माहीत? आणि ह्यांनी सांगितलं. झालं. लोक ह्यांच्याभोवती गोळा झाले. आमच्या अजिंठ्याच्या सव्वीस नंबरात असाच पहुडलेला बुद्ध आहे, त्याच्या पायाशी रडणारी माणसं कोरलीत, वगैरे वगैरे. तो श्रीलंकेचा माणूस छत्रीवर भार देऊन बाजूला उभा. मी पायांना चटके बसत असताना बाहेर जाऊन उभी राहिले. आतल्यापेक्षा ते बरं होतं.

"तुम्ही शब्द दिला होता," खाली उतरताना मी म्हणाले.

"चुकीचं सांगायला होता तो."

"सांगू दे. मी इथं परीक्षेला आलेले नाही."

ह्यांनी मान हलवली. कशासाठी ते कळलं नाही.

खरा घोळ तिसऱ्या दिवशी झाला. आम्ही कँडीला निघालो होतो आणि वाटेत मसाल्याची बाग होती. गाईड माईकवर सांगत होता की इथं दालचिनी, वेलदोडा, मिरी, सगळं झाडावर बघायला मिळेल, मसाजही करून देतात, पाऊण तासाचा थांबा. ह्यांना ते वाक्य ऐकून काय झालं कोण जाणे. हे उभे राहिले. बसच्या मधोमध, सीटला धरून.

"बाग म्हणजे पंधरा झाडं असतेत," हे मराठीत सगळ्यांना म्हणाले. "दोन मिनिटं झाडं, मग दुकान. दार एकच, दुकानातूनच बाहेर पडायचं. आपण जे घेऊ त्याच्यावर ह्याला कमिशन. मी सांगतो ना, मला धंदा माहितीये."

बाकीचं मराठी गाईडला कळलं नसेल. 'कमिशन' कळलं. त्याचा माईक हातातच राहिला.

इंजिनिअर साहेब तर वाटच बघत होते. ते उठले. "थांबायचंच नाही! आपल्याला काय उल्लू समजतात काय?" पाचसहा जणांनी टाळ्या वाजवल्या. टूर मॅनेजर बाई "कार्यक्रमात आहे, कार्यक्रमात आहे" म्हणत राहिल्या, पण त्यांचं कोण ऐकतंय. शेवटी गाईड माईकवर हळू आवाजात म्हणाला, "ठीक है. जैसा आप लोग बोलें." ड्रायव्हरला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मग माईकची वायर गोल गोल गुंडाळून ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून बसला. बागेची पाटी खिडकीतून मागे गेली.

पंधरा मिनिटांनी लक्षात आलं की चहा तिथंच मिळणार होता. आणि स्वच्छतागृहही तिथंच होतं.

पुढचा दीड तास मी काय सांगू. डोंगराचा रस्ता, वळणं आणि बसमधल्या चौदा बायका. गाईड बोलत नव्हता, त्याला सांगायचं कोणी? टूर मॅनेजर बाईंनी एका पेट्रोल पंपावर बस थांबवली तर तिथल्या स्वच्छतागृहाला कुलूप. गंगापूरच्या बाई माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "तुमच्या मालकांनी कमिशन वाचवलं, ताई. चांगलं केलं. पण आता आमचं काय करायचं ते इचारा त्यांना."

मी विचारलं नाही. हे मात्र खुशीत होते. मागच्या सीटवरून कोणीतरी ह्यांच्या खांद्यावर थाप मारली होती.

कँडीच्या हॉटेलात खोलीचं दार लागलं आणि मी बोलले. संध्याकाळचे पाच वाजले असतील. खाली नाचाच्या कार्यक्रमाला जायला बस उभी होती.

"हिमरू शालींच्या दुकानात पार्टी कोण नेत होतं?" मी म्हणाले.

हे बूट काढत होते. हात थांबला.

"पैठणीच्या दुकानात कोण नेत होतं? तुमच्या पार्टीतल्या कोणी कधी उभं राहून म्हटलं तुम्हाला, की हा कमिशन खातो म्हणून? भर गाडीत? सगळ्यांसमोर? आपल्या घरात पहिला फ्रीज कशावर आला? मुलाचं कॉलेज कशावर झालं? तुमच्या फीवर?"

"तसं नव्हतं मला..."

"कसं नव्हतं? तो माणूस तुमच्याच वयाचा आहे. त्यालाही घर असेल. तुम्हाला धंदा माहितीये म्हणालात ना? माहिती होता म्हणून तर गप्प बसायचं होतं."

मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण बरंच साठलं होतं आणि ते सगळंच आलं. पस्तीस वर्षं जगाला फिरवलंत, मला कुठं नेलंत ते आलं. अजिंठा मी कचेरीतल्या बायकांबरोबर डबा घेऊन बघितला, तेव्हा हे समोरून जपानी पार्टी घेऊन येत होते आणि मला ओळख न दाखवता पुढे गेले होते, तेही आलं.

"ड्युटीवर होतो," हे म्हणाले.

"माहितीये. मी आता ड्युटीवर नाही. मला फक्त बघायचं होतं."

मी साडी सारखी केली आणि खाली गेले. बसमध्ये बसले. दहा मिनिटं झाली, हे आले नाहीत. गाईडही आला नव्हता. टूर मॅनेजर बाई दोनदा म्हणाल्या, "काका कुठं राहिले? काका कुठं राहिले?" मी चडफडत परत उतरले. खोलीत नव्हते. रिसेप्शनवाल्यानं स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला हात केला.

ड्रायव्हर आणि गाईड लोकांची जेवायची जागा हॉटेलच्या मागे असते, हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांना असणारच, आयुष्यभर हे तिथंच जेवले. पत्र्याखाली लांब टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या. आमचा गाईड हातानं भात कालवत होता, शेजारी बसचा ड्रायव्हर, आणि समोर माझा नवरा. समोर ताट नाही, नुसता बसलेला. मी दाराशी थांबले.

"मैंने भी लिया है, भाई," हे म्हणत होते. "बहुत साल. मैं बोला वो गलत बोला."

गाईडनं मान वर केली नाही. भात कालवत म्हणाला, "सर, वो कोरोना के बाद तीन साल टूरिस्ट नहीं आया. मैं थ्री-व्हीलर चलाया. अभी फिर चालू हुआ तो बस में बैठे लोग बोलते हैं, हमको सीधा जेवण, दुकान नहीं जाना. मैं क्या बोलूं?"

त्यानं 'जेवण' हा शब्द आमच्याच टूर मॅनेजर बाईंकडून उचलला होता. ह्यांना हसू आलं. त्यालाही आलं असावं, कारण त्यानं ड्रायव्हरला सांगून ह्यांच्यासाठी एक ताट मागवलं.

"नाचाला बस थांबलीये," मी दारातून म्हणाले.

दोघेही दचकून उभे राहिले.

मला वाटलं, संपलं. भांडण मिटलं, माफी झाली, आता उरलेले दिवस शांतपणे बघायला मिळतील. पण झालं उलटंच, आणि माझ्या डोक्याला नवा ताप झाला. त्या दोघांची मैत्री झाली.

दुसऱ्या दिवशी हे माझ्याजवळ बसलेच नाहीत. ड्रायव्हरशेजारच्या छोट्या घडीच्या सीटवर जाऊन बसले, गाईडच्या मांडीला मांडी लावून. मला वाटलं, बरं झालं, डावा कान मोकळा झाला. दोन वळणं गेली आणि स्पीकरमधून ओळखीचा आवाज आला. "माझ्या मित्राचा घसा बसलाय. तोवर पाच मिनिटं मी जरा आपल्या अजिंठ्याची तुलना सांगतो."

आम्ही नुवारा एलियाला चाललो होतो. दोन्ही बाजूंना चहाचे मळे, डोंगरावरून घसरत खाली आलेले, मधूनच धबधबा, धुक्यातून एखादं देऊळ. आणि स्पीकरमधून पहिल्या नंबरचं लेणं. पद्मपाणीच्या चेहऱ्यावर डावीकडून उजेड टाकला तर तो उदास दिसतो, उजवीकडून टाकला तर हसतो, समोरून टाकला तर ध्यानात जातो. हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही. लग्नानंतर ह्यांनी परीक्षेसाठी पाठांतर केलं तेव्हा वही माझ्या हातात असायची. मी घरदार सोडून, समुद्र ओलांडून, एवढ्या लांब त्या देशात आले होते, आणि मला पुन्हा पद्मपाणी ऐकवला जात होता.

पाच मिनिटांची वीस झाली. चाळीस झाली. इंजिनिअर साहेब झोपले. एक मोठा धबधबा पुलाखालून गेला, बसमधल्या एकालाही तो दाखवला गेला नाही. गाईड मान डोलावत ऐकत होता, मधूनच "अच्छा, सर?" म्हणत होता. त्याला खरंच रस होता, तेच तर वाईट होतं.

"अहो," मी ओरडले. "पुरे!"

मी जन्मात कधी चारचौघांत ओरडले नव्हते. हे माईक धरून माझ्याकडे बघत राहिले, मग हसून माईकमध्येच म्हणाले, "आमच्या मॅडमनी हे सगळं आधी ऐकलंय."

सगळे हसले. मला कुठं तोंड लपवू असं झालं. गंगापूरच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. "खावा," त्या म्हणाल्या. "राग आला की पोटात काहीतरी पाहिजे."

त्यानंतर दोन दिवस त्या दोघांनी मिळून बस चालवली असंच म्हणावं लागेल. रिकाम्या जागा मोजायची पद्धत गाईडनं उचलली. सावलीत उभं करून बोलायला लागला, हे खरं, आणि त्यात सगळ्यांचा फायदा झाला, हेही खरं. पण प्रत्येक थांब्यावर आम्ही सत्तावीस जण येऊन बसायचो आणि ते दोघं कुठंतरी एखाद्या दगडापाशी वाकून बघत असायचे. टूर मॅनेजर बाईंनी माझ्याजवळ तक्रार केली. दोनदा.

शेवटचे दोन दिवस समुद्रकाठी होते, बेन्टोटाला. तिथल्या दुसऱ्या दिवशी दुपारी नदीतली बोटीची सफर. खारफुटीची झाडं, पाणघोरपडी, एक बेट. जेवण झाल्यावर सगळे बसपाशी जमले. मीही जमले. पायरीवर पाय ठेवला आणि मला एकदम वाटलं, नको.

"मी येत नाही," मी म्हणाले.

"काकू, कार्यक्रमात आहे," टूर मॅनेजर बाई म्हणाल्या. "कार्यक्रमात आहे."

"असू दे."

हे पुढून उतरून आले. "बरं वाटत नाय का?"

"बरं आहे. मला बसायचंय इथं नुसतं."

ह्यांना ते कळलं नाही. बघायला आलोय आणि एक ठिकाण सोडायचं? हे तिथंच उभे राहिले. राहू का जाऊ असं चाललं होतं. आतून गाईडनं हाक मारली, "सर!" आणि हे गेले. दार बंद होताना मी ह्यांचा आवाज ऐकला, "दो सीट खाली."

दोन? मी वळून पाहिलं. गंगापूरच्या बाई वाळूकडे चालायला लागल्या होत्या. "पाणघोरपडी काय बघायच्या," त्या मागे न बघता म्हणाल्या. "आमच्याकडं घोरपडी लई."

आम्ही दोघी नारळीखाली बसलो. मग उठून पाण्यात गेलो, पोटऱ्यांपर्यंत. लाट येऊन जायची आणि पायाखालची वाळू सरकायची, त्या प्रत्येक वेळी गंगापूरच्या बाई माझा दंड धरायच्या आणि पोरीसारख्या हसायच्या. कोणी काही सांगत नव्हतं. तो किनारा किती लांब आहे, समोरून पुढे गेलं तर कुठला देश लागतो, तिथं कोणत्या राजानं काय केलं, मला काही माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी नुसतं बघत होते.

"तुमचे मालक बोलतेत तरी," त्या एकदा म्हणाल्या. "आमच्याकडं नुसतं 'हं'. मी विचारलं, येताव का, तर हं. मी म्हणलं, मी जाऊ का एकटी, तर हं."

"आमच्या ह्यांना आठ दिवस घेऊन जा," मी म्हणाले. "तुमचे इकडं पाठवा."

"ऊस कोण तोडंल मग?"

आम्ही खूप हसलो. फार काही विनोद नव्हता.

पाचच्या सुमाराला बस परत आली. थोड्या वेळानं हे वाळूतून आले, बूट हातात, पँट दुमडलेली, गुडघा वाचवत. गंगापूरच्या बाई "मी चहाचं बघते" म्हणून उठून गेल्या. हे माझ्याशेजारी बसले.

"काय बघितलं?" ह्यांनी विचारलं.

"पाणी."

ह्यांनी समोर पाहिलं. श्वास घेतला. तो श्वास माझ्या ओळखीचा आहे, त्याच्यामागून निदान दहा मिनिटं येतात. "हे पाणी आहे ना, इथून सरळ..."

मी ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

हे थांबले. खरोखर थांबले. बराच वेळ बसलो आम्ही. सूर्य खाली आला, दोन कुत्री पाण्याच्या कडेनं पळत गेली, एक बाई मासे घेऊन गेली. हे वाळू मुठीत घेत होते आणि सोडत होते. ह्यांना किती जड जात होतं ते मला दिसत होतं, आणि मी काही मदत केली नाही.

"तुला अजिंठा दाखवायचा राहिला माझा," शेवटी हे म्हणाले.

"दाखवा. पण बोलायचं नाही."

"न बोलता कसा दाखवायचा?"

हे थट्टेनं म्हणाले नव्हते. ह्यांना खरंच प्रश्न पडला होता. मला हसू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. वरून टूर मॅनेजर बाई ओरडत होत्या, चहा, चहा.

आता तो गाईड दर रविवारी फोन करतो. हे फोन स्पीकरवर ठेवतात आणि तासभर चालतं, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी, कुठलं लेणं, कुठला राजा, कोणाचा गुडघा. पुढच्या थंडीत तो त्यांच्याकडच्या यात्रेकरूंची एक पार्टी घेऊन इकडे येणार म्हणे. हे आत्तापासून वही काढून बसलेत. अजिंठ्याला आम्ही अजून गेलेलो नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी फोन सुरू झाला तेव्हा मी पिशवी भरली आणि बसनं गंगापूरला गेले. दोन दिवस राहिले. त्यांचे मालक भेटले, हं म्हणाले. सकाळी आम्ही दोघी बांधावरून फिरून आलो. तिथं कोणी मला काही दाखवलं नाही. ऊस होता, तो मीच बघितला.